जंतू ही कंपन्यांची टूम नव्हे

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: जंतू ही औषध कंपन्यांनी काढलेली टूम आहे, दूध-मांस आपोआप नासतं, आणि जंतूंवर काम करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं मरताना ‘जंतू काहीच नाही, शरीर हेच सगळं’ अशी कबुली दिली. तिन्ही चूक आहेत.

आधी कंपन्यांचं. जंतू पहिल्यांदा पाहिले ते एका कापड व्यापाऱ्यानं, हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेवेनहुकनं. कापडाचं सूत तपासायला तेव्हाही भिंग लागे. आपल्या चादरीच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याला भिंगं घासायचा नादच लागला. मिरी का झोंबते हे शोधायला त्यानं ती पाण्यात भिजत घातली, आणि त्या पाण्यात वळवळणारे जीव दिसले. १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्रानं कळवलं. तिथं कुणी लगेच विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी तिथल्याच रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानं ते जीव सगळ्यांसमोर दाखवले, तेव्हा पटलं. हे जीव रोग करतात असं तेव्हा लेवेनहुकही म्हणत नव्हता, मग औषध कोण विकणार? पाश्चरचा जन्म तर १८२२ चा.

आता नासण्याचं. मे महिन्यात इथं न तापवलेलं दूध दुपारपर्यंत टिकत नाही, खरंय. पण त्याच उकाड्यात तापवलेलं टिकतं. ऊन दोघांना सारखंच, फरक उकळीत मेलेल्या जंतूंचा. आणि सगळं आपोआपच होत असेल, तर शेजारी विरजण मागायला का जावं लागतं? पाश्चरनं १८६० च्या सुमारास हंसासारखी मान असलेल्या चंबूत रस उकळून ठेवला. हवा आत जात होती, धूळ वळणात अडकत होती. रस नितळ राहिला. मान मोडली, तो गढुळला.

मरतानाच्या कबुलीला विश्वासार्ह पुरावा नाही. आणि ती दिली असती तरी काय? जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू वेगळा काढून, वाढवून, निरोगी जनावरांना टोचून तोच रोग होतो हे दाखवलं होतं. ते पाश्चरच्या शब्दावर उभं नाही.

प्रतिकारशक्तीला महत्त्व आहे, हे मान्य. क्षयाचा जंतू शिरलेले बहुतेक लोक आजारी पडत नाहीत. पण मला भीती वाटते ती आजारी पडलेल्यांची. क्षयाच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत खोकला थांबतो, बरं वाटतं, आणि नेमका हा मेसेज हाती पडतो. तेव्हा गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्याच गोळ्यांना दाद न देणारे होऊ शकतात.