नॅक्सॉस ते नॅक्सॉस

यॉटवरची सुट्टी म्हटलं की डोळ्यासमोर जे येतं ना, पांढरी बोट, निळं पाणी, पाय पसरून पडलोय, ते सगळं अगदी खरं असतं. फक्त बोट बंदरात बांधलेली असेपर्यंत.

जुलैत आम्ही चार मित्र ग्रीसला गेलो, त्यातला एक लायसन्सवाला म्हणून कॅप्टन. त्या दिवशी नॅक्सॉस बेटावरून मिकोनोस बेटावर जायचं होतं, जवळजवळ सरळ उत्तरेला, 21 नॉटिकल मैल म्हणजे जेमतेम 39 किलोमीटर. "दुपारी तिथे पोहायला," कॅप्टन म्हणाला. आता एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा वारा असतो, तो येतोच मुळी उत्तरेकडून, आणि आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नसताना येतो त्यामुळे नुसतं वर बघून काही कळत नाही. आणि शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, साधारण 45 अंश तिरकं जायचं, मग वळायचं, मग दुसऱ्या बाजूला तेवढंच तिरकं. हे कॅप्टनला माहीत होतं. आम्हाला कळलं बंदराबाहेर पडल्यावर.

नॅक्सॉसच्या बंदराशी नुसताच एक संगमरवरी दरवाजा उभा आहे, पोर्तारा. इ.स.पू. सहाव्या शतकात देऊळ बांधायला घेतलं, काम रखडलं, चौकट तेवढी राहिली. निघताना मी त्याला हौसेने टाटा केला.

बोट 25 अंश कलली तसं खालच्या केबिनमधे जे जे ठेवलेलं होतं ते सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसलं. कॅप्टन ओरडला, "शीट सोड!" मी शिडाकडे धावलो. तर शीट म्हणजे शीड नाही, शीट म्हणजे शीड ओढायचा दोर! एवढ्या मोठ्या समुद्रात यांना दुसरा शब्द सापडला नाही? दर वळणाला तेच, एका बाजूचा दोर सोडा, दुसऱ्या बाजूचा विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीवर, गुंडाळून ओढा, आणि मधल्या वेळात स्वतः गडगडत पलीकडे जा.

मग पोटात ढवळायला लागलं. कान म्हणतो हलतंय, डोळे म्हणतात सगळं जागेवर आहे, या दोघांच्या भांडणात पोट मरतं. "लांब बघ, स्थिर काहीतरी बघ," कॅप्टन म्हणाला. बघितलं. पोर्तारा! तीन तास झाले होते आणि तो दरवाजा अजून तिथेच, किंचित लहान.

टॉयलेटचं सांगायलाच हवं. फ्लश म्हणजे हातपंप, आधी खटका एकीकडे करून समुद्राचं पाणी आत ओढायचं, मग दुसरीकडे करून सगळं बाहेर, वीसेक वेळा दांडा वर खाली. हे करताना एक हात दांड्यावर, एक भिंतीवर, डोकं दारावर, आणि नेमकं तेव्हाच वरून "वळतोय रे!" मी आत भिंतीवर बसलेलो होतो, म्हणजे खरंच भिंतीवर.

वारा बोफोर्टच्या हिशोबाने (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी, 0 ते 12) 6 म्हणजे चांगलाच जोराचा झाला तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "इंजिन लाव की." कॅप्टनने असं बघितलं जणू त्याच्या शिडालाच कोणी पंक्चर म्हटलंय. तरी लावलं. मग प्रत्येक लाटेवर नाक वर, धाडकन खाली, पाण्याची बादली सगळ्यांच्या तोंडावर. पाच मिनिटांत बंद. थोडा वेळ कोणी बोललं नाही आणि मग त्याने गुपचूप चाक फिरवलं.

वारा पाठीमागे गेला तर काय सांगू, शांत! बोट सरळ, ऊन अंगाला लागायला लागलं, "याला म्हणतात सेलिंग," असं तिघे तीन वेळा म्हणाले. सकाळपासून जे कमावलं होतं ते तासाभरात परत केलं. पोर्तारा भराभर मोठा होत आला.

धक्क्यावर तोच सकाळचा म्हातारा उभा होता, ज्याने आमचा दोर सोडून दिला होता. त्याने तोच दोर पकडला, तिथेच बांधला आणि विचारलं, "मिकोनोस कसं होतं?"

"फार गर्दी," कॅप्टन म्हणाला.