‘लहान हाड म्हणजे शेळीचेच’ : एका व्हॉट्सॲप संदेशाला उत्तर

‘जमिनीत सापडलेले हाड माणसाचे की जनावराचे, हे घरच्या घरी ओळखा’ असा एक संदेश सध्या सोलापुरात हातोहात पुढे पाठवला जात आहे. होटगी रस्त्यावर घराचा पाया खोदताना माझ्या मामांना काही हाडे मिळाली आणि त्यांनी पोलिसांना कळवण्याऐवजी हाच संदेश प्रमाण मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्यातील सर्वांत घातक वाक्य असे : ‘वीतभर किंवा त्याहून लहान हाड शेळी-मेंढीचे असते, खुशाल फेकून द्या.’ तान्ह्या बाळाच्या मांडीचे हाड जेमतेम बोटभर असते, एवढेही या पंडिताच्या ध्यानात आले नाही. पाहायचे असते ते लांबीकडे नव्हे, टोकांकडे. वाढत्या वयात हाडाची टोके मधल्या दांड्याला कूर्चेने, म्हणजे मऊ, लवचिक उतीने, जोडलेली असतात आणि वाढ पुरी झाल्यावरच पक्की जुळतात. त्याआधी मृत्यू आला तर कूर्चा कुजते, टोके सुटतात आणि दांड्याची खडबडीत बाजू उघडी पडते. नवजात बालकात सुमारे 300 आणि प्रौढात 206 हाडे मोजली जातात, त्यामागेही हाडांचे हे जुळणेच आहे. त्यामुळे लहान असूनही टोके पक्की जुळलेले दांड्याचे हाड बहुधा लहान प्राण्याचे असते. टोके सुटलेले हाड मात्र करडाचे असेल तसे बालकाचेही असू शकते आणि तो निवाडा तज्ज्ञानेच करायचा असतो. पाया सूपमधले शेळीचे नळीचे हाड निरखून पाहावे : दोन हाडे जुळून ते एक झालेले असल्याने त्याच्या खालच्या टोकाला कप्पीसारख्या दोन स्वतंत्र गाठी दिसतात. असे हाड माणसाच्या शरीरात नाही.

‘जाळून वास घ्या’ हा सल्ला तर निव्वळ मूर्खपणाचा आहे, कारण दोन्हींतील प्रथिन सारखेच जळते आणि डीएनए मात्र नष्ट होतो.

‘जाड भिंतीचे हाड जनावराचे’ यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तरीही तुकडा लहान असेल तर नजरेवर भिस्त ठेवता येत नाही. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गुरांच्या हाडात पुष्कळदा विटांच्या थरांसारखी रचना आढळते, तर माणसाच्या प्रौढ हाडात गोलाकार घटक विखुरलेले असतात.

राहिली पोलिसांची भीती. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार संशयास्पद मृत्यूची चौकशी करणे हे पोलिसांचे काम आहे, घरमालकाचे नव्हे. त्याने तेवढ्या जागेचे खोदकाम थांबवावे, हाडे हलवू किंवा धुऊ नयेत आणि 112 वर कळवावे. हाड किती खोलीवर आणि कसे पडले होते, हेही पंचनाम्यात नोंदवावे लागते.