ग्लेशियर एक्स्प्रेसचं बुकिंग मिळालं नाही म्हणून आल्प्स कॅन्सल करू नका

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ग्लेशियर आणि बर्निना एक्स्प्रेस या स्वित्झर्लंडच्या मोठ्या काचांच्या पॅनोरामा गाड्यांचं बुकिंग मिळालं तरच आल्प्सला जा नाहीतर पैसे वाया, स्विस पास (पर्यटकांचा ठरावीक दिवसांचा प्रवास-पास) काढला की सगळं फ्री, आणि आठ दिवसांत सहा शहरं आरामात होतात. लोक खरंच यावर ट्रिपा ठरवताहेत, काही जण रद्दही करताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा बुकिंगचा. अहो, डोंगर त्या गाडीच्या मालकीचे नाहीत! सेंट मॉरिट्झ ते इटलीतलं तिरानो ज्या रुळांवरून बर्निना एक्स्प्रेस जाते त्याच रुळांवरून साधी लोकलसुद्धा जाते, साधारण दर तासाला, रिझर्व्हेशन लागत नाही. तेच २,२५३ मीटरवरचं ओस्पित्सिओ बर्निना स्टेशन, तोच ब्रूझिओचा गोल पूल, दातेरी रूळ नसताना ७ टक्क्यांचा तोच चढ-उतार. उलट लोकलला जुना डबा मिळाला तर खिडकी खाली करून फोटो काढता येतात, पॅनोरामाच्या बंद काचेत फोटोत समोरच्या काकांचं जॅकेटच जास्त येतं. आणि वाटेतल्या आल्प ग्रूम स्टेशनला उतरता येतं. तिथे गाडीरस्ता जातच नाही, स्टेशनच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर पालू हिमनदी आणि खाली पूर्ण दरी, हे सोडून नुसतं पुढे निघून जायचं? तासाभराने पुढची गाडी आहेच. तिरानोकडे जाताना उजवीकडे बसा, तळं आणि हिमनद्या त्या बाजूला.

ग्लेशियरचंही तेच. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ जवळपास आठ तास, तोच मार्ग साध्या गाड्यांनी आंदेरमाट, डिसेंटिस, कूर अशा ठिकाणी बदलत करता येतो, ६५ मीटर उंच लांडवासर पूलसुद्धा त्यात येतो. एकाच सीटवर बसून जेवत जायची हौस असेल तर एक्स्प्रेस जरूर घ्या, ती छानच आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ग्लेशियर एक्स्प्रेस बंदच असते, साध्या गाड्या मात्र चालू असतात.

दुसरा, पास काढला की सगळं फ्री. नाही. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ट्रेन, बस, बोटी येतात, रिगी डोंगरसुद्धा येतो, पण युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्टेशनला जायला फक्त शेवटच्या टप्प्यावर २५ टक्के सूट, आणि त्या दोन्ही एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन. एकाच ठिकाणी राहून दोन-तीन मोठ्या सफरी करायच्या असतील तर महिनाभर चालणारं, निम्म्या भाड्यात तिकिटं देणारं हाफ फेअर कार्ड बऱ्याचदा स्वस्त पडतं, म्हणून आधी कागदावर प्रत्येक प्रवासाचं भाडं लिहून बेरीज करा मगच पास घ्या. सोळाच्या आतली मुलं आईवडिलांबरोबर असतील तर त्यांच्या फुकट प्रवासासाठीचं फॅमिली कार्ड मागायला विसरू नका, ते फुकट मिळतं.

आणि आठ दिवसांत सहा शहरं, हे वाचून मला खरंच राग येतो. बरोबर आई-बाबा, दोन मोठ्या बॅगा, गाडी बदलायला पाच-सात मिनिटं, रोज चेक-आउट, यात डोंगर बघायचे कधी? आठ दिवस असतील तर तीन-चार रात्री लुझर्नला काढा, तिथून ब्रूनिग खिंडीतून इंटरलाकेन साध्या तिकिटावर होतं. मग तीन रात्री कूरला, आणि शेवटी बर्निनाच्या लोकलने तिरानो. स्विस पास तिरानोपर्यंतच चालतो, पुढचं मिलानचं इटालियन तिकीट वेगळं काढायचं, साधारण अडीच तास लागतात. झ्युरिकहून थेट मिलानची गाडी धरणार असाल तर तिला मात्र रिझर्व्हेशन लागतंच, ते आधीच करून ठेवा.