तो लाल स्विच रिसेटचा नाही

मामांचा फोन आला तेव्हा ते टेबलाखाली शिरलेले होते. आवाजावरूनच कळत होतं. "अगं, तो लाल स्विच सापडला बरं का. पण खोल बसलाय, बोट जात नाही आत. स्क्रूड्रायव्हरनं सरकवू?"

कुठला लाल स्विच?

"कॅबिनेटच्या मागचा. आत्ता त्यावर २३० दिसतंय. सरकवला की ११५ येतं आणि यूएसबी रिसेट होतात म्हणे."

त्यानंतर मी ज्या पट्टीत ओरडले त्या पट्टीत मामांशी बोलायचं नसतं. पण त्यांनी हात मागे घेतला, आणि कॉम्प्युटर अजून जिवंत आहे.

हे ज्ञान आलं कुठून, तर तो मेसेज. "यूएसबी पोर्ट बंद पडलेत? मेकॅनिकला विसरा, हे ७ उपाय करा", खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि वर तो फॉरवर्डचा दुहेरी बाण. मला स्वतःला तो तीन ग्रुपवरून आलाय. मजकूर थोडक्यात असा: पोर्ट गेला म्हणजे मदरबोर्ड (कॉम्प्युटरच्या आतला मुख्य बोर्ड) जळला, शेजारचे दोन एकदम गेले तर नक्कीच. चालू कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावल्यानं पोर्ट जळतात. पोर्ट टाचणीनं खरवडून त्यात सेंट किंवा सॅनिटायझर मारा. डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली उपकरणांची यादी) यूएसबीचं सगळं उडवा. प्लग काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबा, स्टॅटिक निघून जातं. मागचा लाल "रिसेट स्विच" सरकवा. आणि शेवटी एका मोफत रिपेअर सॉफ्टवेअरची लिंक.

(पहिल्या मुद्द्यात मदरबोर्ड जळालाय, आणि पुढचे उपाय त्याच जळक्या मदरबोर्डावर करायचेत. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचला असेल का?)

क्रम सोडून मी आधी सहावा मुद्दा घेते, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जाईल, यानं धूर निघेल.

तो लाल स्विच म्हणजे एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याला, भिंतीतून किती व्होल्ट मिळणार आहेत हे निवडायचा स्विच. जगात काही ठिकाणी घरात ११० ते १२० व्होल्ट येतात, काही ठिकाणी २२० ते २४०. जुन्या पद्धतीचे पॉवर सप्लाय दोन्हीकडे चालावेत म्हणून हा स्विच दिलेला असतो. यूएसबीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो मुद्दाम खोल खाचेत बसवतात, बोटानं चुकून सरकू नये म्हणून. म्हणजे ज्यानं बनवला त्यानं हात लावू नका असं प्लॅस्टिकच्या भाषेत सांगून ठेवलंय, आणि आपण स्क्रूड्रायव्हर शोधतोय.

सरकवला तर काय होतं? २३० व्होल्टची एसी वीज डीसी केली की शिखराचा आकडा होतो साधारण ३२५ व्होल्ट. पॉवर सप्लायच्या आत वीज साठवणारे डब्यासारखे दोन मोठे कपॅसिटर एकामागे एक जोडलेले असतात. स्विच २३०वर असताना हे ३२५ दोघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला १६० च्या आसपास. त्या कपॅसिटरवर बहुधा २०० व्होल्टची मर्यादा छापलेली असते, त्यामुळे सगळं सुखरूप. स्विच ११५वर नेला की जोडणी बदलते आणि सर्किट व्होल्टेज दुप्पट करायला लागतं, कारण त्याला वाटतं आपल्याला कमी वीज मिळतेय. मग प्रत्येक कपॅसिटरला एकट्याला पूर्ण ३२५ झेलावे लागतात. २००च्या भांड्यात ३२५. फटाक्यासारखा आवाज, जळका वास, कॅबिनेटच्या मागून धूर. नशीब असेल तर फ्यूज उडून तेवढ्यावर भागतं, नसेल तर पॉवर सप्लाय जाताना सोबत आणखी काही घेऊन जातो.

उलट चूक, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरात स्विच २३०वर, त्या मानानं गरीब असते. कॉम्प्युटर बहुतेक सुरूच होत नाही. नव्या पुष्कळशा पॉवर सप्लायना हा स्विचच नसतो, ते १०० ते २४० आपलं आपण ओळखतात. म्हणजे हा "उपाय" नेमका त्याच जुन्या मशीनवर करून बघितला जाणार, जिथे तो सगळ्यात महागात पडतो.

माझा अंदाज असा, की मूळ सल्ला बरोबर असणार. एसएमपीएसवर एक काळा स्विचही असतो, गोल आणि रेघ अशा खुणांचा, चालू-बंद करणारा. तो बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा, हा सल्ला शहाणपणाचा आहे. चार फॉरवर्डनंतर काळ्याचा लाल झाला असावा.

आता पहिला मुद्दा, कारण मामांची घाबरगुंडी त्यानंच उडवली होती. मागचे वरचे दोन पोर्ट एकदम गेले, म्हणजे मदरबोर्ड गेला, म्हणजे नवा कॉम्प्युटर. इथे मी माझं म्हणणं पुढे करत नाही, यूएसबी २.० चं अधिकृत स्पेसिफिकेशनच पुढे करते. एप्रिल २००० पासून ते कोणालाही वाचायला खुलं आहे. विजेच्या बाबींचं त्याचं सातवं प्रकरण म्हणतं की होस्टला, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरला, जादा करंटपासून संरक्षण ठेवणं सक्तीचं आहे. पोर्टांचा एक गट एकाच संरक्षणाखाली असू शकतो. गटातून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला गेला, तर त्या गटातल्या सगळ्या पोर्टांची वीज कमी किंवा बंद करायची. आणि हे संरक्षण असं हवं की ते पूर्ववत करायला माणसाला हातानं काही बदलावं लागू नये. उदाहरण म्हणून पॉलिमरच्या पीटीसीचं नावही तिथे आहे.

म्हणजे शेजारचे दोन पोर्ट एकदम बंद पडणं हे मदरबोर्ड मेल्याचं लक्षण असेलच असं नाही, बऱ्याचदा तो स्वतःला वाचवत असतो. पीटीसी हा बारीकसा तुकडा जास्त करंट गेला की तापतो, आतलं पॉलिमर फुगतं, त्यातले कार्बनचे कण एकमेकांपासून दूर जातात आणि वाट जवळजवळ बंद होते. थंड झाला की पुन्हा उघडतो. अट एकच, गोंधळ घालणारं उपकरण आधी काढायला हवं. ते लावलेलंच राहिलं तर तुकडा गरमच राहतो आणि पोर्ट मेलेलाच दिसतो.

म्हणून मी मामांना विचारलं, "त्या दिवशी नवीन काय लावलं होतं?"

"काही नाही गं."

"मामा."

"तो छोटा दिवा. वाचायला. पण तो तर लागतच नाही."

लागत नाही तरी खोचलेलाच होता. काढायला सांगितला, प्लगच्या तोंडाकडे उजेडात बघायला सांगितलं. बाहेरचं पत्र्याचं कवच एका बाजूनं चेपून आतल्या सोनेरी पट्टीला टेकलं होतं. कवच ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेलं, कडेची पट्टी ५ व्होल्टची. शॉर्टच तो. बिचारा मदरबोर्ड इतके दिवस तेच सांगत होता.

आणि इथे पाचव्या मुद्द्याला नाइलाजानं अर्धे गुण. प्लग काढून पॉवर बटण दाबण्याचा स्टॅटिकशी संबंध नाही, पण कृती बरोबर आहे. डेस्कटॉप शटडाउन केला तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डाला ५ व्होल्टची थोडी वीज देतच राहतो. खात्री करायची तर बंद केल्यावर माउसच्या पोटाखाली बघा, पुष्कळ मशीनवर त्याचा लाल दिवा तेवत असतो. म्हणून अडकलेला यूएसबी कंट्रोलर, म्हणजे पोर्ट सांभाळणारी चिप, नुसत्या शटडाउननं सुटेलच असं नाही. प्लग भिंतीतून काढायचा, यूएसबीची सगळी उपकरणं काढायची, बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज संपवायची, चार-पाच मिनिटं थांबायचं. मामांनी हे केलं. दोन्ही पोर्ट परत आले. मेसेजनं मात्र उपकरणं काढायचा भागच गाळलाय, म्हणजे दिवा तसाच ठेवून ३० काय ३०० सेकंद बटण दाबलं असतं तरी काही झालं नसतं.

टाचणीचा मुद्दा तर याच दिव्याचा भाऊ. पोर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या असतात, निळ्या यूएसबी ३ मध्ये आणखी पाच. चालू मशीनवर स्टीलची टाचणी फिरवली की ती कधीतरी ५ व्होल्टच्या पट्टीला आणि कवचाला एकदम टेकणार. टेकली नाही तरी पट्टी वाकवणार, आणि वाकलेली पट्टी पीटीसीसारखी आपोआप बरी होत नाही. सेंटमध्ये तेल असतं, सॅनिटायझरच्या जेलमध्ये ग्लिसरीन, दोन्ही आत चिकटून धूळ धरून बसतात. साफ करायचंच असेल तर प्लग काढून, हवेच्या फवाऱ्यानं किंवा कोरड्या मऊ ब्रशनं.

चालू कॉम्प्युटरला लावल्यानं पोर्ट जळतात हे ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या पेन ड्राइव्हच्या तोंडात डोकवावं. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन मधल्या दोनपेक्षा पुढे आलेल्या दिसतील. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. लावताना वीज आधी जुळते, काढताना शेवटी सुटते. चालू मशीनला लावता-काढता यावं म्हणूनच ही लांबी ठेवलीय. फाइल कॉपी होत असताना ओढून काढलात तर फाइल बिघडेल, ते वेगळं. पोर्टाला त्याचं काही नाही. वाकडं ओढलंत तर सोल्डर सैल होईल, एवढं मान्य.

डिव्हाइस मॅनेजरचा उपायही अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या वाटेत सोडून देतो. कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की विंडोज ते परत बसवतं, अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, सुटतो. पण "सगळं उडवा" म्हणणाऱ्याला विचारा, डेस्कटॉपचा माउस आणि कीबोर्ड कशावर चालतात? त्यांचा कंट्रोलर उडवला की बाण जागीच थिजतो आणि रीस्टार्टवर क्लिक करायला हातात काही उरत नाही. अशा वेळी कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबावं, विंडोज बहुधा स्वतः नीट बंद होतं. त्यापेक्षा जिथे पिवळा त्रिकोण दिसतोय तेवढंच काढा. आणि "शटडाउन" नको, "रीस्टार्ट"च करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच अडकलेला ड्रायव्हर पुन्हा हजर होतो.

सातव्या मुद्द्यातलं सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. त्यावर याहून जास्त शब्द खर्च करायची माझी तयारी नाही.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मात्र सगळ्यात आधी करायच्या. तेच उपकरण दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघणं, कारण बरेचदा पोर्ट ठणठणीत असतो आणि केबल मेलेली असते. आणि कीबोर्ड संशयित पोर्टाला लावून, मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात, शिरणं. तिथे बाणाच्या कळा चालल्या तर पोर्ट शाबूत आहे, घोळ विंडोजचा आहे. तिथेही चालल्या नाहीत आणि प्लग काढूनही फरक पडला नाही, तर पोर्ट गेला असं धरायला हरकत नाही. तरीसुद्धा मदरबोर्ड फेकायचा नसतो. त्यावरच्या मोकळ्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डं खोचायच्या खाचेत, यूएसबीचं कार्ड बसतं.

मामांचे पुढचे दोन पोर्ट अजून बंद आहेत. महिन्यापूर्वी त्यांनी कॅबिनेट उघडून धूळ झाडली होती, हेही बरंच खोदून विचारल्यावर कळलं. पुढच्या पोर्टांची केबल मदरबोर्डावरच्या नऊ काड्यांवर नुसती खोचलेली असते, ब्रशच्या धक्क्यानं निघाली असणार. रविवारी जाऊन लावते. तोवर लाल स्विचवर चिकटपट्टी लावायला सांगितलीय, आणि लावल्याचा फोटोही मागवून घेतलाय.