घरातल्या सगळ्या फोनवर टॅपचं सेटिंग एकच ठेवा

फोन मशीनला टेकवून पैसे देतो, म्हणजे एनएफसी (जवळ धरून जोडणी करणारी फोनमधली सोय) चालू आहे, संपलं, असं बरेच जण धरून चालतात. पण त्याच्या मागे बँकेचं बटण वेगळं, फोनचं वेगळं, आणि एक बदललं की दुसऱ्याला पत्ता नसतो.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना बजावलं की नव्या कार्डावर कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसतं टेकवून होणारे, व्यवहार बंदच ठेवून द्यायचे. ते ग्राहक स्वतः सुरू करेल, मर्यादाही तोच ठरवेल, आणि ही सोय चोवीस तास हवी. सामान्य माणसाच्या हातात एवढा अधिकार क्वचित मिळतो, म्हणून तो वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. १ जानेवारी २०२१ पासून कार्डावर पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत व्यवहार होऊ शकतो (आधी २,००० होते). पण ही कमाल मर्यादा आहे. आई-बाबांच्या कार्डावर ती कमी करून ठेवता येते, आणि ठेवावीच.

अँड्रॉइडमध्ये एनएफसीच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट पेमेंट अ‍ॅप, म्हणजे टॅप केल्यावर आपोआप वापरलं जाणारं अ‍ॅप, निवडावं लागतं. दोन अ‍ॅप असतील तर भलत्याच कार्डातून पैसे जाऊ शकतात. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच अ‍ॅप डिफॉल्ट ठेवलं, तर अडलेल्याला फोनवरून सांगणंही सोपं जातं.

फोन बदलताना सगळ्यात जास्त घोळ होतो. अ‍ॅपमध्ये कार्ड जोडलं की टॅप करताना खऱ्या नंबराऐवजी टोकन, म्हणजे बदली नंबर, वापरलं जातं, आणि ते त्याच कार्डापुरतं, त्याच अ‍ॅपपुरतं, त्याच फोनपुरतं असतं. म्हणून फोटो, मेसेज सगळं नव्या फोनवर आलं तरी टॅप येत नाही. कार्ड पुन्हा जोडावं लागतं. जुना फोन भाच्याला द्यायच्या आधी त्यातलं कार्ड काढा. यूपीआय लाइटमध्ये (पिनशिवाय छोट्या खर्चासाठी अ‍ॅपमध्ये बाजूला ठेवलेल्या रकमेत) पैसे असतील तर लाइट बंद करून ते आधी खात्यात परत घ्या.

बँकांकडे माझी स्पष्ट मागणी आहे. कॉन्टॅक्टलेस चालू-बंद करायचं बटण तुमच्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर ठेवा, अपडेट आलं की त्याची जागा हलवू नका. आणि माझं कार्ड कोणकोणत्या फोनवर जोडलेलं आहे त्याची यादी तिथेच दाखवा, प्रत्येकासमोर 'काढून टाका' असं बटण देऊन.