रिकाम्या खुर्च्यांबद्दल मालकाचे उत्तर

नमस्कार. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला आमच्या सलूनमध्ये तासभर थांबावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. एकच स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण "दोन खुर्च्या रिकाम्या असूनही गिऱ्हाइकाला मुद्दाम बसवून ठेवतात" हे वाक्य फार लागलं.

खुर्ची केस कापत नाही हो, कारागीर कापतो. खुर्च्या चार आहेत, कारागीर दोन. तुमच्यापुढे चार जण होते, एकेकाला अर्धा तास धरा. हिशेब तासाचाच होतो, आणि तो काउंटरवर तुम्हाला आधीच सांगितला होता. "थांबतो" असं तुम्हीच म्हणालात. अपॉइंटमेंट होती हे खरं, पण ती पाचची, आणि तुम्ही आलात पावणेसहाला! हे रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही. तोवर तुमची वेळ ताटकळलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली होती. अपॉइंटमेंट घेऊन अजिबात न फिरकणारे तर वेगळेच.

"मग माणसं वाढवा" असंही तुम्ही लिहिलंय. मंगळवारी दुपारी येऊन बघा, हेच दोघे मोबाइल बघत बसलेले असतात. तो फुकट गेलेला तास साठवून शनिवारी वापरता येत नाही, पगार मात्र द्यावाच लागतो. बरं, आहेत त्यांनाच सतत कामाला जुंपावं, तर रांग अंगावर येते. कारागीर ८० टक्के वेळ कामात असतात त्याऐवजी ९० टक्के वेळ अडकले, की थांबण्याचा वेळ दुपटीहून जास्त होतो. गिऱ्हाईक काही ठरावीक अंतराने येत नाही, एकदम चार जण येतात. त्यात कुणाची दाढी दहा मिनिटांत उरकते, तर कुणाला केस रंगवायला तास लागतो. हे माझं रडगाणं नाही. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने वाट पाहण्याची सूत्रं १९१७ सालीच मांडली आहेत. (धंद्यात पडलं की असलंही वाचावं लागतं.)

शनिवार-रविवारच्या संध्याकाळसाठी अर्धवेळ कारागीर शोधतोय, चांगला हात मिळाला की लगेच ठेवू. निघण्याआधी फोनवर रांग कळेल असंही काहीतरी करायचं चाललंय. पुढच्या वेळी मधल्या वारी दुपारी या, आल्या आल्या बसाल.

स्टार राहू द्या. तो "मुद्दाम" एवढा शब्द जमलं तर काढा.