दाढ काढायला जाताना झोपेची गोळी घेऊ नका

पंचवटीतल्या माझ्या आत्याची दाढ काढायची आहे. तिने फोनवर विचारलं, "ह्यांची झोपेची गोळी घरात आहे, निघताना एक घेऊ का? मेसेज आलाय." तो मेसेज नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय: बधिर करण्याच्या इंजेक्शनने फिट येऊन माणसं दगावतात, तासभर आधी झोपेची गोळी घ्या, धोका शून्य, साठीपुढच्यांनी घ्यावीच, डॉक्टरांना सांगायची गरज नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

तथ्य एवढंच की लिग्नोकेन, म्हणजे बधिर करण्याचं ते औषध, रक्तात फार चढलं तर झटके येऊ शकतात, आणि डायझेपाम हे झोपेच्या गोळ्यांतलं औषध आधी दिलं की झटका यायला जास्त मात्रा लागते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. झटका आलाच तर आम्हीही शिरेतून त्याच जातीचं मिडाझोलम देतो. पण मोजून, ऑक्सिजन हाताशी ठेवून.

"धोका शून्य" हे मात्र घातक आहे. गोळीने रक्तातलं लिग्नोकेन जराही कमी होत नाही. लिग्नोकेन जास्त होऊन विषबाधा झाली की आधी ओठांना मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानात आवाज येतो. पेशंट हे सांगतो आणि डॉक्टर सुई थांबवतात. गुंगीतला पेशंट काय सांगणार? हृदयावरचा परिणाम तर गोळीने अडतच नाही. वर गुंगीत श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, तर झटका उलट कमी मात्रेत येतो. हे सगळ्यात लवकर होतं ते म्हाताऱ्या माणसांत, आणि मेसेज त्यांनाच आग्रह करतोय!

डॉक्टरांना सांगायचं नाही, म्हणजे त्यांनी वर आणखी गुंगीचं औषध दिलं तर? आणि गोळी घेऊन द्वारका सर्कलमधून स्कूटी कोण चालवणार?

माणसं दगावण्याचं म्हणाल, तर साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम; ५० किलोच्या बाईला २२५. एका दाढेला लागतात साधारण ४० ते ६०.

अमेरिकन सोसायटी ऑफ रीजनल अ‍ॅनेस्थेशियाच्या २०१० च्या सूचना स्पष्ट आहेत: कमीत कमी मात्रा, थोडं-थोडं टोचणं, दर वेळी सुई शिरेत नाही ना हे मागे ओढून बघणं. विषबाधा झालीच तर २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण. घरून गोळी घेऊन या, असं त्यात कुठेही नाही.

ज्यांना अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी रोजचीच आहे, त्यांनी हे वाचून ती एकदम बंद करू नये. अचानक सोडल्यानेही झटके येतात. नेहमीप्रमाणे घ्या आणि दाताच्या डॉक्टरांना गोळीचं नाव, वेळ, आपलं वजन आणि हृदयाचा-यकृताचा आजार असेल तर तोही सांगा.